औषधाची गोळी, मद्याचा पेला आणि गाडीचे चाक

आपल्या ट्रस्टच्या या महोत्सवी स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने मजकडे लेख मागितला, तेव्हा शिक्षकाकडून शिक्षणावरच काही यावे अशी त्यांची अपेक्षा होती, आणि ती रास्तही होती. परंतु ही स्मरणिका घरोघर जाणार, वडीलधारी मंडळी ती वाचणार आणि गाडी चालविणारी तरुण मुलेही ती चाळणार, हे ध्यानात आल्यावर जी गोष्ट गेली दहा वर्षे माझ्या मनाला टोचत आहे तीच सांगावी असे मी ठरविले. मी डॉक्टर नाही. मुलांना विज्ञान शिकविणारा एक मास्तर आहे. म्हणून वर्गात फळ्यापुढे उभा राहून सांगतो तसाच हा विषय मांडतो.

माझ्या खिशातील गोळी

भालकी तालुक्यातील एका गावी लग्न होते. जेवणे आटोपून आम्ही मंडळी रात्री किरायाच्या जीपने परत निघालो. ड्रायव्हर पंचविशीतला, कामात हुशार आणि रस्त्याचा माहीतगार. त्या दिवशी मात्र तो सारखा शिंकत होता, नाक गळत होते. मला आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी सर्दीसाठी गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्यांतील दोन खिशात उरल्या होत्या. एक मी त्याला दिली. "घे बाबा, बरे वाटेल," असे म्हटले. त्यानेही पाण्याच्या घोटाबरोबर ती घेतली.

मांडवामागे त्याने दोन पेले घेतले होते, हे मला ठाऊक नव्हते. तासाभराने एका साध्या वळणावर, समोर कोणी नसताना, जीप सरळ तुरीच्या शेतात गेली. ब्रेक दाबल्याची खूणसुद्धा रस्त्यावर नव्हती. माझ्या थोरल्या भावाचा नऊ वर्षांचा मुलगा पुढे बसला होता. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला.

सर्वांनी एकच म्हटले, "दारू प्याला, म्हणून झाले." ड्रायव्हरचे काम गेले. मी भेटावयास गेलो तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, माझी चूक मी नाकारत नाही. पण दोन पेल्यांनी मला असे कधी होत नाही. त्या रात्री डोळ्यांवर एकदम पडदाच पडला." घरी येऊन मी औषधाच्या खोक्यातील घडी केलेला कागद प्रथमच उलगडला. त्यात बारीक अक्षरांत लिहिले होते की या औषधाने गुंगी येते, ते घेतल्यावर वाहन चालवू नये आणि त्याबरोबर मद्य घेऊ नये. त्याच्या पेल्याचा दोष गावभर झाला. माझ्या गोळीचे नाव कोणी घेतले नाही. त्याची चूक लहान नव्हती, परंतु त्या रात्री चूक एकाची नव्हती.

एक आणि एक दोनच होतात काय?

मद्य आणि औषध यांचा हिशेब साध्या बेरजेचा नसतो, हे प्रथम समजून घ्यावयास हवे. आपल्या मेंदूतील पेशी एकमेकींना सतत खुणा पाठवीत असतात. काही खुणा "चल" म्हणतात, काही "थांब" म्हणतात. या "थांब" म्हणणाऱ्या खुणेचे काम गाबा नावाचे द्रव्य करते. मद्य पोटात गेले की या गाबाचा जोर वाढतो. म्हणूनच प्रथम मन सैल होते, मग जीभ जड होते, मग तोल जातो आणि शेवटी झोप येते. आता झोपेसाठी किंवा घाबरेपणासाठी डॉक्टर जी डायझेपाम, अल्प्राझोलम यांसारखी औषधे देतात, तीही याच गाबाचा जोर वाढवितात. म्हणजे एकाच ब्रेकवर दोघांनी पाय दिल्यासारखे होते. एकट्या गोळीने जो माणूस शांत झोपला असता आणि एकट्या पेल्याने जो थोडा बडबडला असता, तो दोन्ही एकत्र झाल्यावर बसल्या जागी शुद्ध हरपू शकतो. प्रमाण मोठे असल्यास श्वासही मंदावतो आणि प्राणावर बेतते.

सर्दीच्या व अंग खाजण्याच्या गोळ्यांची वाट निराळी आहे. हिस्टामिन नावाचे द्रव्य मेंदूला जागे ठेवण्याचे काम करते. क्लोरफेनिरामिनसारखी जुनी औषधे मेंदूत शिरून हे द्रव्य अडवितात. तेव्हा औषधाने जाग काढून घेतली आणि मद्याने झोप पुढे केली, अशी गत होते. आमच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर पडलेला पडदा तो हाच असावा.

आता गाडीचा विचार करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरांहून थोडे अधिक अंतर तोडते. समोर बैल आडवा आला, तो डोळ्यांना दिसला, मेंदूला उमगला आणि पाय ब्रेकवर गेला, या तीन क्रियांना जागृत माणसालाही वेळ लागतोच. गुंगीमुळे त्यात केवळ अर्धा सेकंद वाढला, तर ब्रेक लागण्यापूर्वी गाडी आठ मीटर अधिक पुढे जाते. आठ मीटर म्हणजे शाळेची एक मोठी वर्गखोली! बैल, सायकलस्वार किंवा रस्ता ओलांडणारे मूल त्या खोलीएवढ्या अंतरात असले तर काय होईल, हे मी लिहावयास नको.

याहून घातक गोष्ट अशी की गुंगीचा पहिला घाला पडतो तो माणसाच्या स्वतःच्या अंदाजावर. "मला काही झालेले नाही" हे तो खोटे बोलत नसतो. त्याला तसे खरोखरच वाटत असते. ज्या फूटपट्टीने मोजावयाचे तीच आखडली, तर माप बरोबर कसे येणार? म्हणून "मी ठीक आहे" हा चालकाचा शब्द अशा वेळी प्रमाण मानू नये.

सावध कोठे राहावे?

पुष्कळांची समजूत अशी की धोका केवळ झोपेच्या गोळीचा. तसे नाही. सर्दी, अंगावर पित्त उठणे व खाज यांवरील औषधे, कोडीन असलेली खोकल्याची औषधे, ट्रॅमाडॉलसारखी तीव्र वेदनाशामके, फिट्सवरील फेनोबार्बिटोन, मनाच्या उदासीनतेवर किंवा जुन्या दुखण्यावर दिले जाणारे अमिट्रिप्टिलिन, या सर्वांची गुंगी मद्याने वाढते. रक्तदाबाच्या काही औषधांवर मद्य घेतले तर दाब एकदम उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

मधुमेहाचे प्रकरण तर स्वतंत्रपणे सांगण्याजोगे आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी रक्तातील साखर उतरविते. जेवण चुकले तर यकृत आपल्या साठ्यातून साखर सोडून तोल सांभाळते. परंतु पोटात मद्य असले की यकृताचे नवी साखर बनविण्याचे काम अडते. मग साखर घसरत जाते, घाम सुटतो, हात कापतात, बोलणे असंबद्ध होते आणि चाकावरचा हात सुटतो. बघणारे म्हणतात, "फार चढली आहे." ज्या माणसाला तातडीने साखर द्यावयाची व दवाखान्यात न्यावयाचे, त्याला लोक दारुडा समजून रस्त्याकडेला बसवून ठेवतात! आपल्या घरात मधुमेही चालक असेल तर घरच्या प्रत्येकाला ही गोष्ट माहीत असली पाहिजे.

ज्या घरी मद्याला थारा नाही, माझे घर त्यांपैकीच एक, त्यांनीही हा विषय आपला नव्हे असे समजू नये. वर सांगितलेल्या गोळ्यांपैकी अनेक एकट्यासुद्धा गुंगी आणतात. शिवाय काही पातळ औषधांत व शक्तिवर्धकांत मद्यार्क असतो, आणि आसवे व अरिष्टे यांत तर तो आंबण्याच्या क्रियेतून आपोआपच तयार होतो. चमचाभर औषधाने कोणी झिंगत नाही हे खरे. पण बाटली तोंडाला लावून "लवकर गुण येईल" म्हणणारे लोक आपण पाहिले आहेत. मापाने घ्यावे आणि बाटलीवर काय लिहिले आहे ते आधी वाचावे.

एकाच पेल्यात दोन्ही

आपले बिदर आणि कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे तेलंगणाला लागून आहेत. जहीराबादकडे किंवा चिंचोळी, सेडमच्या पलीकडे आपल्या लोकांचे जाणे-येणे रोजचे. त्या बाजूस शिंदी व ताडी यांचा व्यवसाय जुना आहे. झाडाचा रस तो, त्यात कसले आले विष, असे म्हणून पुष्कळ कष्टकरी माणसे ती निर्धास्तपणे पितात. परंतु झाडे थोडी आणि पिणारे फार झाले म्हणजे पाणी वाढते आणि नशा कमी पडते. ती भरून काढण्यासाठी क्लोरल हायड्रेट, डायझेपाम व अल्प्राझोलम ही द्रव्ये ताडीत मिसळल्याचे तेलंगणात वारंवार उघडकीस आले आहे. यांतील पहिले एके काळी झोपेचे औषध म्हणून जगभर वापरले जाई. उरलेली दोन आजही डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास बंदी असलेली औषधे आहेत.

२०१५ साली निझामाबाद व महबूबनगर या जिल्ह्यांत भेसळीविरुद्ध अबकारी खात्याने मोहीम कडक केली. भेसळीची ताडी एकाएकी बंद होताच तिची सवय जडलेले लोक कापू लागले, बरळू लागले, काहींना झटके आले आणि दवाखाने भरले. आपण औषधाला बांधले गेलो आहोत, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हते. २०२५ च्या जुलै महिन्यात हैदराबादच्या कुकटपल्ली भागात भेसळीची ताडी पिऊन अनेक लोक आजारी पडले व काही दगावले. तपासणीत ताडीत अल्प्राझोलम आढळले.

सांगावयाचे तात्पर्य असे की अशा पेल्यात मद्य आणि औषध दोन्ही आधीच एकत्र झालेले असते, आणि किती, ते पिणाऱ्याला कळण्याचा कोणताही मार्ग नसतो. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या जोडून रात्री हुमनाबादच्या चौरस्त्याकडे आणणाऱ्या माणसाने "मी दारू नाही, फक्त शिंदी घेतली" असे म्हटले, तर घरच्यांनी समाधान मानू नये.

"काल घेतली होती, आज काय त्याचे?"

मद्य शरीरातून ठराविक गतीनेच बाहेर पडते. कडक चहा, लिंबू, थंड पाण्याची अंघोळ यांनी ही गती वाढत नाही. फार तर झिंगलेला माणूस ओला होतो. थोडे गणित करून पाहू. ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगात सुमारे २० ग्रॅम मद्यार्क असतो. ६० किलो वजनाच्या पुरुषाने तो रिकाम्या पोटी घेतला, तर रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये मद्यार्काचे प्रमाण सुमारे ५० मिलिग्रॅमपर्यंत जाते. ते दर तासाला साधारणतः १५ मिलिग्रॅम या गतीने उतरते. म्हणजे रात्री दहाला घेतलेले दोन मोठे पेग पहाटे साडेचार-पाचपर्यंत रक्तात असतात. आणि बिअरला पाणी समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की ६५० मिलिलिटरच्या कडक बिअरच्या एका बाटलीत जवळजवळ दोन मोठ्या पेगांइतका मद्यार्क असू शकतो.

औषधाचा मुक्काम याहूनही लांब असतो. डायझेपामची एक मात्रा निम्मी होण्यासच एक ते दोन दिवस लागतात. म्हणून रविवारी रात्री घेतलेली गोळी आणि सोमवारी संध्याकाळी घेतलेला पेला यांची गाठ रक्तात पडते. "दोन्ही एकत्र घेतले नाहीत" असे म्हणणारा घड्याळाकडे पाहतो. शरीराचे घड्याळ निराळे असते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५ अन्वये रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असता वाहन चालविणे हा गुन्हा आहे. वर केलेल्या गणितावरून दिसेल की एका मोठ्या पेगानेही ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. याच कलमात दुसरा भागही आहे: एखाद्या अमली द्रव्याच्या वा औषधाच्या अमलाखाली गाडीवर नीट ताबा राहणार नाही अशा स्थितीत ती चालविणे हाही तितकाच गुन्हा आहे. औषध डॉक्टरांनी दिलेले होते, एवढ्याने चालकाचा ताबा परत येत नाही.

पोलीस जे यंत्र तोंडापुढे धरतात, त्याचा जुना अवतार रॉबर्ट बोर्कनस्टाइन या अमेरिकन गृहस्थांनी १९५४ साली तयार केला. यंत्र उपयुक्त खरे, पण ते श्वासातील मद्यार्क मोजते. पोटातील गोळी त्याला दिसत नाही. ज्याच्या रक्तात मद्यार्क केवळ २० मिलिग्रॅम आहे त्याला यंत्र सोडून देईल. पण त्याच माणसाने झोपेची गोळी घेतलेली असेल तर पुढचे वळण त्याला सोडणार नाही. कायद्याने आखलेली ही मर्यादा केवळ मद्याची आहे. गोळी घेतलेल्या चालकाची मर्यादा शून्यच समजली पाहिजे.

इतर देशांनी यावर साधे उपाय केले आहेत. नेदरलँड्समध्ये १९७३ पासून अशा औषधांवर वाहन चालविण्याविषयी इशारा देणारी पिवळी चिठ्ठी लावतात. फ्रान्समध्ये औषधाच्या खोक्यावर गाडीचे चित्र असते आणि धोका जसजसा वाढतो तसा रंग पिवळा, नारिंगी व तांबडा होतो. निरक्षर माणसालाही ते कळते. आपल्याकडे झोपेच्या व गुंगीच्या अनेक औषधांच्या पट्टीवर तांबड्या अक्षरांत "एनआरएक्स" ही खूण असते. अल्प्राझोलम, डायझेपाम, ट्रॅमाडॉल, कोडीन यांसारख्या औषधांची विक्री औषधविक्रेत्याला वेगळ्या वहीत नोंदवून ठेवावी लागते. सूचनांचा कागद मात्र बहुधा इंग्रजीत व बारीक अक्षरांत असतो. शाळेत जाणारी आपली मुले-मुली तो वाचू शकतात. आजी-आजोबांच्या औषधांचा कागद त्यांच्याकडून वाचून घ्यावा; घरातील शिक्षणाचा याहून चांगला उपयोग कोणता?

घरोघरी करण्याजोगे

डॉक्टरांच्या खोलीतून उठण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: या औषधाने झोप येते काय? हे घेऊन मी गाडी चालवू काय, आणि किती वेळाने? यावर मद्य चालेल काय? मद्य घेण्याची सवय असेल तर तीही डॉक्टरांपुढे लपवू नये. लाजेपोटी लपविलेली गोष्ट रस्त्यावर उघडी पडते.

परंतु एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. हा लेख वाचून कोणी आपले औषध बंद करू नये. फिट्सचे, रक्तदाबाचे, मधुमेहाचे किंवा मनाच्या विकाराचे औषध "आज लग्नात थोडी घ्यावयाची आहे" म्हणून चुकविणे हा दुसरा अपघात होय. आणि अल्प्राझोलमसारखी गोळी नेहमी घेणाऱ्याने ती एकाएकी सोडली तर झटकेही येऊ शकतात. दोहोंपैकी एक सोडावयाचे तर ते मद्य, औषध नव्हे.

आपले औषध दुसऱ्याला देऊ नये. हे मी अधिकाराने नव्हे, अनुभवाने सांगतो. आणि लग्नकार्ये, उरूस, जत्रा यांच्या दिवसांत गाडी ठरविताना भाड्याची घासाघीस करण्याइतकाच वेळ ड्रायव्हरच्या जेवणाची व झोपेची व्यवस्था लावण्यात घालवावा. पाहुण्यांची पंगत बसते आणि ज्याच्या हाती पंधरा माणसांचे प्राण द्यावयाचे तो मांडवामागे एकटा उभा असतो. मग त्याला कोण काय पाजतो याचा पत्ता कोणाला? त्याला पहिल्या पंगतीत बसवावे, आजारी असेल तर विचारावे आणि शंका आली तर मुक्काम करावा. यजमानाने रात्रीपुरती चार अंथरुणे अधिक घातली तर त्यात त्याची शोभाच आहे. आपल्या ट्रस्टच्या सभासदांनी आपापल्या घरच्या कार्यांत एवढा एक नियम पाळण्याचे ठरविले तरी पुष्कळ साधेल.

माझा पुतण्या आता एकोणीस वर्षांचा आहे. थंडीच्या दिवसांत त्याचा पाय अजून दुखतो. गेल्या वर्षी त्याने वाहन चालविण्याचा परवाना काढला आणि पहिल्याच दिवशी मला शेजारी बसविले. निघण्यापूर्वी हसत म्हणाला, "काका, खिशात गोळ्या नाहीत ना?" त्या जीपच्या ड्रायव्हरला मी माझ्या गोळीची हकिकत सांगितली, परंतु ती त्याच्या मालकाला जाऊन सांगण्यास मला दोन वर्षे लागली. तोवर त्याने ते काम कायमचे सोडले होते. जे त्या वेळी चारचौघांत सांगावयास हवे होते ते आज येथे लिहून ठेवतो. हे वाचून एखाद्या घरी एखादी गोळी खिशातच राहिली किंवा एखादी किल्ली रात्रीपुरती खुंटीवर टांगली गेली, तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.